उष्टा दोरा

हेमा जाऊन वर्ष झालं तेव्हा माझ्या मुलीनं, ऋतुजानं, मला ओळखदिवा पाठवला. त्या सुमारास तो नुकताच बाजारात आला होता. आधी तो फक्त पोलिसांकडे असायचा. जिवंत माणसाच्या नावानं तो मागवता येत नाही, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.

खोक्यात एक निळ्या उजेडाची बॅटरी होती, एक नारिंगी काचेचा चष्मा होता आणि अत्तराच्या कुपीसारखी फवाऱ्याची बाटली होती. बाटलीवर छापलं होतं, हेमलता अरविंद होगाडे. बायकोचं नाव असं बाटलीवर बघून मी खोकं पुन्हा बंद केलं आणि माळ्यावर टाकलं.

ऋतूचा फोन आला. ती सांगलीला असते. उसाची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी आहे.

"अप्पा, उघडलंत का?"

"कळत नाही ग मला त्यातलं."

"तुम्हाला कळत नाही? जन्मभर काय केलंत मग?"

जन्मभर मी इचलकरंजीत प्रोसेसमध्ये रंगारी होतो. प्रोसेस म्हणजे मागावरचं कोरं कापड धुऊन, रंगवून देणारा कारखाना. पांढऱ्या कापडाला आम्ही एक पावडर चढवायचो. उन्हात आपल्याला न दिसणारा, जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड असतो. पावडर तो आत घेते आणि निळा करून परत देते, म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरं दिसतं. आत घेतलेला उजेड जास्त जोराचा असतो आणि परत दिलेला कमी जोराचा. मधला फरक पावडर पचवते, त्याची ऊब होते. जोर कमी झाला की उजेडाचा रंग बदलतो. आम्ही याला नुसतं 'चमक' म्हणायचो. ऋतूच्या पुस्तकात फ्लुओरेसन्स म्हणतात.

"हे तेच आहे," ऋतू म्हणाली. "फक्त ही चमक आईशिवाय कुणाला चिकटत नाही."

मग तिनं समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा एक लांबच लांब दोरा असतो, दोन पदरी, पीळ घातलेला. त्यावर चार अक्षरांत सगळा मजकूर असतो. माणसामाणसांत तो बहुतेक सारखाच, पण काही जागा वेगळ्या. हेमाच्या फणीतले केस तिनं कंपनीला दिले होते. केसात दोऱ्याचे बारीक तुकडेच उरतात, पण त्या मोजक्या जागा ओळखायला तेवढे पुरतात. कंपनीनं त्या जागांना जुळणारे छोटे तुकडे बनवले आणि प्रत्येकाला चमकणारा रंग बांधला. हा तुकडा दुमडलेला असतो, तोवर रंग झाकलेला. हेमाच्या दोऱ्यावर आपली जागा सापडली की तो उलगडून तिथं चिकटतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. चष्मा निळा उजेड अडवतो आणि हिरवा तेवढा डोळ्यांपर्यंत सोडतो.

"म्हणजे नाव घेऊन हाक मारल्यासारखं," मी म्हटलं. "ज्याचं नाव, त्यानंच ओ द्यायची."

ऋतू म्हणाली, "हो अप्पा. तसंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीची खिडकी जाड चादरीनं झाकली. ही हेमाची खोली. ती ब्लाउज शिवायची. शिलाई मशीन, कात्री आणि भिंतीवरच्या फळीवर रंगीत दोऱ्यांची रिळं, सगळं ती ठेवून गेली तसंच होतं. मी फवारलं, थोडा थांबलो, चष्मा घातला आणि दिवा लावला.

फळीवर हिरव्या ठिपक्यांची ओळ उभी राहिली. प्रत्येक रिळाच्या सुट्या टोकाला एक ठिपका.

मला आधी कळेना. मग कळलं. सुईत ओवायच्या आधी ती दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायची, आणि टाका संपला की दोरा दातानं तोडायची. कात्री हाताशी असली तरी दातानंच. मी म्हणायचो, दात जातील. ती म्हणायची, जाऊ देत, तुम्ही कुठं मला मक्याची कणसं आणून देताय.

मी खाली बसलो आणि त्या ठिपक्यांकडे बघत राहिलो.

मशीनच्या चाकावर तिच्या तळव्याचा फिका पट्टा होता. कपाटाच्या दारावर आणखी काही डाग होते, अगदी मंद. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'रक्ताच्या नातेवाइकांच्या खुणा मंद दिसू शकतात, त्यांकडे दुर्लक्ष करावे.' म्हणजे ते ऋतूचे हात. आईचं अर्धं तिच्यात आलेलं, म्हणून तिच्यावर उजेडही अर्धा. मला नीट हेमाच दिसावी म्हणून मी फडक्यानं ते पुसून टाकले.

मग रोजच दुपारी जेवण झालं की मी चादर लावायचो. एकदा शेजारच्या आक्काताई डोकावल्या. हेमाची मैत्रीण, ब्लाउज तिच्याकडेच शिवून घ्यायच्या.

"काय करालाय ओ अंधारात, अरविंदभाऊ?"

मी सांगितलं. त्या चष्मा न घालताच आत आल्या. अंगावर धुतलेलं पांढरं पातळ. दिव्यात निळ्याबरोबर थोडा जांभळ्यापलीकडचा उजेडही असावा, ते पदरापासून काठापर्यंत निळं पेटलं.

"अगं आई! हेमा माझ्यातच शिरली की!"

"साबणाची पावडर आहे ती, आक्काताई. चष्मा घाला."

चष्म्यातून त्यांनी फळी बघितली. बराच वेळ बघितली. "दोरा चाटायची खोड काय गेली न्हाई बघा तिची," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. जाताना म्हणाल्या, "सारखं नका बघू. नजर लागंल."

मी हसलो. पण ठिपके खरंच फिके होत होते. परत फवारलं की थोडे उजळायचे, आधीइतके मात्र नाहीत. बाटलीतलं औषध जुनं झालं असेल असं मला वाटलं. म्हणून मी जास्त फवारत राहिलो. रिळं संपली तेव्हा शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, टेपची पट्टी, तिच्या चष्म्याची दांडी, तिचा पाण्याचा पेला, उशीचा अभ्रा, एकेक करून रोजच्या वापरातलं सगळं बघून झालं. एक वस्तू सोडून.

असं वर्षभर चाललं. मग ऋतू आली. एकटीच आली, नवऱ्याला, ओंकारला, न घेता, तेव्हाच मला वाटलं काहीतरी आहे. ती आईच्या मशीनपाशी बसली आणि चाक हातानं उलटं-सुलटं फिरवत राहिली.

"अप्पा, आम्ही मूल होऊ द्यायचं म्हणतोय."

"चांगलंच आहे की."

"त्याआधी मला एक कळायला हवं. आईचं माझ्यात आलंय का ते."

हेमाच्या हातातून आधी कात्री सुटायला लागली. मग सुई. मग चमचा. नसा सुकत जाण्याचा आजार. तिचा मामा असाच गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, घराण्यात असणार. तेव्हा माहीत असलेले सगळे दोष तपासून झाले होते, त्यातला एकही सापडला नव्हता. तपासणीचं रक्त ठरलेल्या मुदतीनंतर टाकून दिलेलं.

"माझं रक्त पुण्याला दिलंय. डॉक्टर इनामदार म्हणून बाई आहेत," ऋतू म्हणाली. "त्या म्हणतात, एवढ्या लांब मजकुरात काय शोधायचं हे आधी माहीत हवं. अशा आजारात पुष्कळदा एकच शब्द एका जागी पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा आलेला असतो. आजारी माणसात ती जागा एवढी फुगलेली असते की लपत नाही. आईचा दोरा वाचता आला तर ती जागा कळेल. मग माझ्यात नेमकं तिथंच बघायचं."

"केस आहेत की फणीत."

"केसात तुकडे असतात, अप्पा. फुगलेली जागा मोजायची तर दोरा लांब आणि अखंड लागतो. तुकड्यांवरून नाही कळत."

"मग दुसरं काहीही घे. सगळं घर तुझ्या आईनं भरलंय. मी रोज बघतो."

तिचा हात चाकावर थांबला. "कशाकशावर फवारलंत?"

"सगळ्यावर."

मग ती हळूहळू सांगू लागली, लहान मुलाला सांगतात तसं. रंगानं आत घेतलेला उजेड दर वेळी उजेड होऊनच बाहेर पडतो असं नाही. कधीकधी तो जोर हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो. तो ऑक्सिजन मग पेटल्यासारखा होतो आणि शेजारी जे असेल ते खातो. आधी रंगच खातो, म्हणून चमक विझत जाते. आणि रंग ज्याला चिकटलाय तो दोराही ठिकठिकाणी तोडतो.

मला जास्त सांगावं लागलं नाही. खिडकीचे पडदे मी बघितलेत. उन्हानं आधी रंग उडतो, मग एक दिवस हात लावला की कापड फाटतं.

"म्हणजे बघून बघून मी तिला..."

"अप्पा, दिवा मी पाठवला होता," ऋतू म्हणाली. "तेव्हा मला कुठं माहीत होतं हे लागेल म्हणून." आणि ती रडायला लागली. मला काय करावं कळेना. मी चहा ठेवला.

चहा उकळताना मला गौरीची पेटी आठवली. आमच्या गौरीचे ब्लाउज, मखराची झालर, पडदा, सगळं हेमानं शिवलेलं. वर्षातून तीन दिवस बाहेर निघतं आणि परत पेटीत जातं. कधी धुतलेलं नाही, ऊन लागलेलं नाही. त्यावर मी फवारलंही नव्हतं, देवाचं म्हणून. ऋतूचा चेहरा उजळला. सगळं बांधून ती पुण्याला घेऊन गेली.

उत्तर आलं ते नाहीचं. बोटांवरून झडलेली थोडी धूळ सापडली, तीही तुकड्यांत.

आक्काताईंना मी सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "देवाच्या कापडाला उष्टा दोरा लावत्यात व्हय? हेमा डोक्यावरनं अंघोळ करून बसायची. वाटीत पाणी घ्यायची दोऱ्याला, आन् तोडायला कात्री. आन् सुई कोण ओवून द्यायचं तिला?"

मीच द्यायचो. दर वर्षी. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता उरली होती ती एकच वस्तू.

कपाटात तळाशी काळ्या कागदात गुंडाळलेला माझा एक शर्ट होता. प्रोसेसमध्ये एखादा रंग जमला की त्या कापडाचा एक तुकडा काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवतात. त्याला नमुना म्हणतात. पुढचा माल काढताना रंग जुळवायला तो लागतो. हेमा गेली त्या आठवड्यात मी तो शर्ट तसाच गुंडाळून ठेवला, हाताच्या सवयीनं. त्यावर मी कधी दिवा लावला नाही. बाकी सगळं विझलं तरी एवढं आहे, असं वाटायला काहीतरी असावं लागतं.

ऋतूला मी त्याबद्दल सांगितलं नाही. ती रोज फोन करायची, जेवलात का विचारायची. आईचा विषय काढायची नाही. एकदा म्हणाली, "ओंकार म्हणतो, नकोच मूल. राहू दोघंच." आवाज अगदी साधा होता. भाजी काय केली ते सांगावं तसा.

फोन ठेवून मी कपाट उघडलं. नमुना कशाला ठेवतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत? जुळवायची वेळ आली की त्यातून कापायचं, म्हणूनच ठेवतात. ज्याला कधी कात्री लागायची नाही तो नमुना नव्हेच.

मी तिला परत फोन लावला. "ऋतू, एक शर्ट आहे."

पुण्याला मी स्वतः घेऊन गेलो; ऋतूही तिथं आली. डॉक्टर इनामदार माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, बोलायला गोड. त्यांनी काळा कागद उघडला आणि म्हणाल्या, "काका, हे दोन कपडे एकत्र का आहेत?"

शर्टाच्या आत बनियन होतं. दुसऱ्या बटणापाशी दोन्ही एकमेकांना शिवलेले होते.

"बसा, सांगतो," मी म्हटलं. ऋतूही ऐकत होती. तिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

आम्ही सांगलीला डॉक्टरकडे निघालो होतो. माझ्या शर्टाचं बटण तुटलं. हेमा म्हणाली, थांबा, लावते. तिच्या बोटांत तेव्हा जोर उरला नव्हता. मी म्हटलं, दुसरा शर्ट घालतो. नाही म्हणाली, हाच. शर्ट काढायला लागलो तर म्हणाली, राहू दे अंगावर, उशीर होईल. आमच्याकडे अंगावरचा कपडा शिवत नाहीत. शिवायचाच झाला तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं दातात काडी धरायची आणि शिवून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तिनं केरसुणीची काडी मोडून माझ्या दातात दिली.

दोरा सुईत जाईना. ती ओठांत धरून ओला करायची, नेम धरायची, हात थरथरायचा, दोरा बाजूला जायचा. परत ओठांत. परत. मी सुईकडे हात नेला, मी ओवतो म्हणून. तिनं हातावर चापट मारली. "तुम्ही गौरीला ओवा," म्हणाली. "घरच्या माणसाला उष्टाच दोरा टिकतो."

शेवटी ओवला एकदाचा. तिनं टाके घातले. मला आत बनियन ओढल्यासारखं लागत होतं, पण तोंडात काडी. मग तिनं माझ्या छातीशी तोंड आणून दोरा दातानं तोडला.

सांगलीला डॉक्टर म्हणाले, शर्ट काढा, तुमचाही रक्तदाब बघू. मी बटणं काढली आणि शर्ट ओढला, तर त्याच्याबरोबर बनियन निघालं डोक्यावरनं. मी त्यात अडकून बसलो, हात वर करून. हेमा एवढी हसली, एवढी हसली की तिला ठसका लागला आणि डॉक्टर मला तसंच सोडून तिला पाणी द्यायला धावले. घरी आल्यावर म्हणाली, उसवून देते. पण परत तिनं सुई हातात घेतली नाही. मीही दोन्ही वेगळे केले नाहीत. धुवायचे तर उसवावे लागले असते, म्हणून धुतलेही नाहीत.

मग डॉक्टर म्हणाल्या, "काका, दोरा आम्हाला विरघळवावा लागेल. परत मिळणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "कापा."

त्यांनी लहान कात्री घेतली, मग माझ्याकडे बघून ती माझ्याच हातात दिली. मी बटण सोडवलं. टाक्यांचा तेवढा गुंता त्यांनी काचेच्या नळीत घेतला. शर्ट आणि बनियन वेगळे झाले.

काही आठवड्यांनी त्यांनी आम्हाला परत बोलावलं आणि पडद्यासमोर बसवलं. दोरा वाचतात तेही रंगानंच, त्यांनी सांगितलं. दोऱ्याची एक प्रत करायला लावायची. प्रत करताना एकेक अक्षर जोडलं जातं, आणि चार अक्षरांना चार रंगांचे चमकणारे थेंब बांधलेले असतात. अक्षर जोडलं की क्षणभर त्याचा रंग चमकतो. यंत्र ते रंग ओळीनं टिपत जातं.

पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल, निळा असे रंग येत होते. कसलीही नक्षी नव्हती. तरी मी बघत राहिलो. ती हेमा होती.

"दोरा पुष्कळ ठिकाणी अखंड मिळाला," डॉक्टर म्हणाल्या. "उन्हात नव्हता आणि कोरडा होता. आणि एवढ्या वेळा ओठांत धरलेला, एवढ्या पेशी सहसा मिळत नाहीत. त्यांचा हात चांगला असता, पहिल्या खेपेत ओवला गेला असता, तर कदाचित पुरलं नसतं. आता हे बघा."

रंग पुढं सरकले आणि एका ठिकाणी अडकले. तेच सहा थेंब, परत तेच, परत तेच. शिलाई मशीन कापड पुढं न सरकवता एकाच जागी टाके घालत राहतं, तसं. गाठ होते मग तिथं. थांबतच नव्हतं.

"हीच ती जागा," डॉक्टर म्हणाल्या.

ऋतूनं माझा हात धरला. "आणि माझी?"

डॉक्टरांनी दुसरी ओळ आणली. तेच सहा थेंब आले, दोनदा, तीनदा, आणि पुढं निघून गेले. साधी शिवण.

"प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. आईच्या दोन्हींतली एक मुलीला मिळते," त्या म्हणाल्या. "तुला दुसरी मिळाली. चांगली."

ऋतू बाहेर जाऊन ओंकारला फोन करू लागली, आणि नुसतीच रडत होती. तिकडून तो "काय झालं, काय झालं" ओरडत होता ते मला दारातून ऐकू येत होतं. शेवटी मी फोन घेतला. म्हटलं, "जावईबापू, घाबरू नका. पाळण्याचं बघा."

दिवाळीला दोघं घरी आले. मी तो शर्ट घातला होता, दुसऱ्या बटणाशिवाय. ऋतूनं बघितलं.

"बटण कुठंय?"

"खिशात."

"द्या इकडं."

"तुला येतं?"

"शिवणाऱ्या बाईची मुलगी आहे मी."

"बाईनं हजारदा शिकवायला घेतलं, तू पळून जायचीस."

"बोलू नका, काडी धरा." तिनं केरसुणीची काडी मोडून माझ्या दातांत दिली. ओंकार दारात उभा राहून हसत होता.

तिनं फळीवरून पांढरं रीळ काढलं. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि डोळे बारीक करून नेम धरला. पहिल्याच खेपेत ओवला. ओळखदिवा माळ्यावर होता. बाटलीत अजून थोडं औषधही होतं. फवारलं असतं तर त्या दोऱ्यावर मंद उजेड पडला असता, अर्धा. कपाटाच्या दारावरून मी पुसून टाकला होता तोच. आता मला तो बघायचा नव्हता. तिथं आहे हे माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

ती माझ्या छातीशी वाकून टाके घालत होती. कपाळावर आठी, जिभेचं टोक ओठांवर. चौथ्या की पाचव्या टाक्याला मला आत बनियन ओढल्यासारखं लागलं.

काडी काढून सांगता आलं असतं. मी ती दातांत घट्ट धरली आणि हललो नाही.